रिपोर्ट नॉर्मल आला, मग तळहाताच्या भेगांचं काय?

सोरायसिसच्या रुग्णाची पिशवी उघडली तर हल्ली मलमाच्या ट्यूबांपेक्षा लॅबचे कागद जास्त निघतात. सीबीसी, ईएसआर, सीआरपी आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनाने केलेला एक भागाकार, त्यापुढे लिहिलेलं ‘एनएलआर’. जो आकडा ठळक छापून आला असेल त्यावर घरातल्या सगळ्यांची बोटं फिरतात. मी डॉक्टर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण बी.एड. झालेल्या बाईला जगातला कुठलाही कागद वाचता येतो असा आमच्या मोहल्ल्याचा पक्का समज आहे, त्यामुळे बँकेच्या नोटिसीपासून सोनोग्राफीपर्यंत सगळं माझ्या ओट्यावर येतं. गेल्या काही वर्षांत त्यात या रिपोर्टांची भर पडली. ते वाचून दाखवताना, त्वचारोगतज्ज्ञांना विचारताना आणि मिळेल ते वाचताना माझं एक मत तयार झालं आहे. सोरायसिस किती वाढलाय हे हे आकडे सांगत नाहीत, आणि ते सांगतात असं धरून चालल्यामुळे रुग्णाचं अंग बघायचंच राहून जातं. बायकांचं तर हमखास.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मीला दोन्ही तळहातांवर सोरायसिस आहे. जाड पापुद्रे, मधे खोल भेगा. कणीक मळताना मीठ झोंबतं, भाकरी थापताना रक्त येतं. दोन घरी पोळ्या लाटायचं काम होतं, ते सुटलं, कारण तिच्या हातचं खायला लोक कचरू लागले. तिच्या रिपोर्टमध्ये सीआरपी दोनच्या आसपास, ईएसआरही ठीक. तिला सांगण्यात आलं की रिपोर्ट नॉर्मल आहे, फार काही नाही. ती मला म्हणाली, “बाजी, नॉर्मल आहे तर मग हे काय आहे?” आणि हात पुढे केले.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतले एक चाचा हवालदिल होऊन आले. त्यांच्या कोपरांवर रुपयाच्या नाण्याएवढे दोन चट्टे, वर्षानुवर्षं तेवढेच. पण कुठल्याशा पॅकेजमधल्या तपासणीत सीआरपी ३४ आला होता आणि घरात ‘बीमारी खून में उतर गई’ म्हणून रडारड सुरू झाली होती. कारण निघालं दाढेतला पू. दाढ काढली, आकडा खाली आला. चट्टे होते तिथेच आहेत.

ही दोन माणसं शेजारी उभी करून पाहिली की माझं म्हणणं अर्धं सांगून होतं.

आता उरलेलं अर्धं. आधी आजाराविषयी थोडं, कारण नावापासूनच गोंधळ आहे. उर्दूत सोरायसिसला चंबल म्हणतात, पण घरोघरी हाच शब्द इसबालाही वापरतात. मराठीत सरसकट गजकर्ण म्हणून मोकळं होतात, आणि आयुर्वेदातल्या ‘कुष्ठ’ या शब्दात त्वचेचे कितीतरी आजार येत असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात थेट महारोग उभा राहतो. युरोपातही हा घोळ शतकानुशतकं चालला. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी सोरायसिस आणि महारोग हे दोन वेगळे आजार आहेत हे ठामपणे मांडलं. सोरायसिस जंतूमुळे होत नाही, स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका हौदावर वुजू केल्याने, नमाजच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावल्याने तो कुणाला लागत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच कातडीवर चालून जाते, त्वचेच्या पेशी कित्येक पट वेगाने तयार होऊ लागतात, जुन्या गळून पडायच्या आत नव्या वर येतात आणि त्यांचे थर साचतात. २०१४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने ठराव करून हा दीर्घकाळ चालणारा, वेदना देणारा, असंसर्गजन्य आजार असल्याचं मान्य केलं. पूर्ण बरा करणारा इलाज अजून नाही, पण ताब्यात ठेवणारे इलाज आज पुष्कळ आहेत.

या सगळ्याच्या मुळाशी आहे दाह. मराठीत दाह म्हटलं की आग होणं आठवतं, उर्दूत आम्ही वरम म्हणतो तेव्हा सूज आठवते. वैद्यकातला दाह या दोन्हींपेक्षा मोठा आहे: शरीराने कुठल्याही हल्ल्याला, खऱ्या किंवा कल्पित, दिलेलं उत्तर. या उत्तराचा काही भाग रक्तात उतरतो आणि तो मोजता येतो. सीआरपी हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध माप. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथिन सापडलं. तयार होतं ते यकृतात, मुख्यतः इंटरल्यूकिन-६ नावाच्या निरोप्याचा सांगावा आला की. म्हणजे त्याच्या जन्मकथेतच त्याचा स्वभाव आहे. ते कातडीचं माप नाही, शरीरात कुठेतरी काहीतरी पेटलंय याची घंटा आहे. घर कुठलं, चूल पेटलीय की गोठा, हे घंटा सांगत नाही.

ईएसआर तर याहून जुना. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहायचं. वय वाढलं की तो वाढतो, गरोदरपणात वाढतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असतो, आणि अंगात रक्त कमी असेल तरी वाढतो. या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही दोन बायकांचा ईएसआर काढला तर त्यातल्या एकीचा सोरायसिस नसतानाही वाढलेला निघाला तर नवल नाही. अशा आकड्यावरून चट्ट्यांची तीव्रता ठरवायची?

आता तो पेनाने केलेला भागाकार. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्क्यांत दिलेले असतात. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर येतं २. हाच एनएलआर. प्लेटलेटला लिम्फोसाइटने भागलं की पीएलआर. आणि प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट असं केलं की आणखी एक निर्देशांक, एसआयआय. तपासणी स्वस्त, भागाकार फुकट, म्हणून संशोधकांना हे आकडे आवडतात. जगभर त्यावर शोधनिबंध निघाले आहेत, निघत आहेत. त्यांतून जे दिसतं ते असं: सोरायसिस असलेल्यांच्या गटात सीआरपी आणि एनएलआर यांची सरासरी निरोगी माणसांच्या गटापेक्षा जास्त असते. हे बऱ्यापैकी पक्कं आहे. मात्र आजार जितका तीव्र तितका आकडा मोठा, हे नातं काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही, आणि दिसतं तिथेही बहुतेकदा ढिलं असतं.

हे ढिलं नातं म्हणजे काय ते समजावून सांगायला शिक्षकाइतकं योग्य माणूस नाही. आमच्या शाळेत अ तुकडीची सरासरी ब तुकडीपेक्षा दरवर्षी जास्त येते. म्हणून अ तुकडीतलं कुठलंही पोर ब तुकडीतल्या कुठल्याही पोरापेक्षा हुशार आहे असं मी म्हटलं, तर मुख्याध्यापक मला पुन्हा बी.एड. करायला पाठवतील. ब तुकडीतली पहिली मुलगी अ मधल्या निम्म्या वर्गाच्या पुढे असते. गटांच्या सरासरीतला फरक खरा असतो, संशोधनाला उपयोगी असतो, पण समोर बसलेल्या एका माणसाला तो लावता येत नाही. अम्मीचा सीआरपी दोन आणि चाचांचा चौतीस, हे त्या शोधनिबंधांना खोटं पाडत नाही. ते शोधनिबंध अम्मीविषयी आणि चाचांविषयी नव्हतेच.

आणि एका माणसाच्या आकड्याला किती गोष्टी ढकलत असतात ते पाहा. पोटावरची चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडते, म्हणून वजन जास्त असेल तर सीआरपी जास्त. आणि सोरायसिसच्या रुग्णांत लठ्ठपणाचं प्रमाण मुळात अधिक आहे. मग वाढलेला आकडा कातडीचा की पोटाचा? मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या सुजलेल्या असतात, त्याचाही वाटा येतो. पावसाळ्यात डेंग्यू झाला की प्लेटलेट कोसळतात, आणि एसआयआय हातात घेऊन बसलेल्याला वाटेल की सोरायसिस सुधारला! सगळ्यात चमत्कारिक म्हणजे स्टेरॉइडची गोळी. ती घेतली की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, म्हणजे एनएलआर वर चढतो, आणि नेमकी त्याच वेळी कातडी साफ दिसू लागते. आकडा बिघडतो, चट्टे सुधारतात. नंतर गोळी अचानक सोडली की आजार कित्येकदा दुप्पट जोराने परततो, अंगभर लाली किंवा पुळ्या उठून माणूस दवाखान्यात भरती होतो. गावोगाव ‘देशी’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळून विकणाऱ्यांनी असे रुग्ण किती तयार केलेत, ते कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा.

मग तीव्रता मोजायची कशी? डोळ्यांनी, हाताने आणि प्रश्न विचारून. १९७८ साली फ्रेडरिक्सन आणि पेटरसन या दोघांनी एक पद्धत दिली, तिला पासी म्हणतात. अंगाचे चार भाग करायचे: डोकं, हात, धड, पाय. प्रत्येक भागात लाली किती, जाडी किती, पापुद्रे किती याला शून्य ते चार गुण द्यायचे. किती जागा व्यापली त्याला शून्य ते सहा. मग भागाच्या आकाराप्रमाणे वजन द्यायचं, डोक्याला दहा टक्के, हातांना वीस, धडाला तीस, पायांना चाळीस. बेरीज शून्य ते ७२ मध्ये कुठेतरी पडते. याहून सोपी पद्धत म्हणजे तळहात. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. चट्टे किती पंज्यांत मावतात ते मोजायचं. तीनपेक्षा कमी तर सौम्य, तीन ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. याला सुई लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि अंगावरचा कपडा बाजूला करायची सोय.

पासीतही खोट आहे. लाली मोजायची म्हणतात, पण ती गोऱ्या कातडीवर लाल दिसते. आपल्या सावळ्या अंगावर ती जांभळट, करडी, काळपट दिसते, आणि सवय नसलेला डोळा गुण कमी देतो. दुसरी खोट अम्मीच्या हातात आहे. दोन तळहात म्हणजे फार तर दोन टक्के. पासीही कमी, टक्केही कमी, सीआरपीही नॉर्मल, सगळीकडे ती ‘सौम्य’. हे तज्ज्ञांच्याही लक्षात आलं. आंतरराष्ट्रीय सोरायसिस परिषदेने २०२० मध्ये सुचवलं की सौम्य-तीव्रच्या शिक्क्यांऐवजी एवढंच विचारा: मलमाने भागेल की पोटातून किंवा इंजेक्शनने औषध द्यावं लागेल? आणि दुसऱ्या गटात जायला तीनपैकी एक गोष्ट पुरे: दहा टक्क्यांहून जास्त अंग व्यापलेलं असणं, किंवा चेहरा, डोकं, तळहात, तळपाय, नखं, गुप्तांग अशा नाजूक जागी आजार असणं, किंवा मलमाने फरक न पडणं. या हिशोबाने अम्मी दोनदा पात्र ठरते. या तिन्हींत रक्ताच्या आकड्याचा उल्लेखसुद्धा नाही, हे मी अधोरेखित करून सांगते.

तिसरं माप प्रश्नांचं. कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक यादी केली, डीएलक्यूआय. गेल्या आठवड्यात खाज किती होती, लाज किती वाटली, कपडे निवडताना अडलं का, कामावर जाता आलं का, जवळच्या माणसांशी वागताना त्रास झाला का. तीसपैकी गुण, दहाच्या वर गेले की आजाराने जगणं बरंच अडवलंय असं धरतात. भाषेची शिक्षिका म्हणून मला त्यातला एक प्रश्न गमतीचा वाटतो, त्यात घरकामाबरोबर बागकामही विचारलं आहे. आमच्या मोहल्ल्यात बाग म्हणजे डालड्याच्या डब्यातला पुदिना. त्याऐवजी ‘पीठ मळता येतं का’, ‘लग्नात मेहंदी काढून घेता येते का’, ‘ईदला गळाभेट घेताना अंग चोरता का’ असं विचारलं तर आमच्या बायका तासभर बोलतील.

पण विचारतं कोण? आणि बघतं कोण? इथे मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते. रक्ताच्या तपासणीची सगळ्यात मोठी सोय अशी आहे की तिला फक्त कोपराची आतली बाजू लागते. बुरखा वर न करता, ओढणी न सरकवता, अस्तनी चार बोटं वर घेतली की काम झालं. ओपीडीच्या खोलीत एका टेबलाभोवती आठ-दहा माणसं उभी, पडदा नाही, डॉक्टर पुरुष, बाहेर रांग. बाई मनगटावरचा एक चट्टा दाखवते आणि गप्प बसते. पाठीवर, मांडीवर, छातीखाली काय आहे ते ती सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत. दोघांचीही सुटका रिपोर्टच्या कागदाने होते. तिला उघडं व्हावं लागत नाही, त्यांना वेळ द्यावा लागत नाही, आणि काहीतरी ‘तपासलं’ असं दोघांना वाटतं. जांघेत किंवा गुप्तांगावर सोरायसिस असतो ही गोष्ट तर पुरुषही तोंडातून काढत नाहीत. वर्षानुवर्षं गजकर्णाचं मलम चोळत राहतात.

यात मी एकट्या डॉक्टरांना दोष देणार नाही, शंभर रुग्णांच्या रांगेपुढे दोन मिनिटांत त्यांनी तरी काय करावं. पण लोखंडी चौकटीचा एक पडदा ही काही एमआरआय मशीन नव्हे, तो प्रत्येक ओपीडीत असू शकतो. आणि आपल्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. इलाजाच्या गरजेपुरतं अंग डॉक्टरला दाखवायला शरीयतची मुभा आहे, हे आपले आलिम सांगत आले आहेत. तरी घराघरांत ‘खून की जांच करवा लो, कपडे काय काढायचे’ हेच ऐकू येतं. सोबत बहीण न्या, सासू न्या, डॉक्टरीण मिळत असेल तर एक दिवस जास्त थांबा, पण अंग बघितल्याशिवाय इलाज घेऊन येऊ नका. शेवटचा उपाय म्हणून मोबाइल आहे. दर महिन्याला एकाच खिडकीच्या उजेडात, त्याच अंतरावरून चट्ट्यांचे फोटो घरच्याच बाईने काढून ठेवले, तर सहा महिन्यांत कुठल्याही सीआरपीपेक्षा जास्त कळतं.

रिपोर्टवर आपला एवढा विश्वास का बसतो याचंही एक जुनं कारण आहे. ‘रक्त बिघडलंय’ हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो. युनानीत मुसफ्फी-ए-खून म्हणून औषधांचा एक वर्गच आहे, रक्त साफ करणाऱ्या. माझ्या नानीच्या कपाटात एक कडू काढ्याची बाटली कायम असायची, चेहऱ्यावर पुटकुळी दिसली की चमचा तोंडात. त्यामुळे लॅबने रक्तात काहीतरी ‘वाढलंय’ असं छापून दिलं की ते त्या जुन्या समजावर शिक्का मारल्यासारखं होतं. खरं तर सीआरपी ही रक्तातली घाण नाही, ती यकृताने बनवलेली शरीराचीच कामाची वस्तू आहे, आणि धोका सरला की तिचं प्रमाण एका दिवसाच्या आत निम्म्यावर येऊ लागतं. रक्त शुद्ध करून सोरायसिस जात नाही. रमजानच्या आधी असाच एक मेसेज फिरतो, रोजे ठेवा, सीआरपी उतरेल, चंबल जाईल. रोजेदार रुग्णांवर अभ्यास झालाही आहे, २०१९ मध्ये १०८ जणांचा एक प्रसिद्ध झाला. पासी उतरला, पण सरासरी एका गुणापेक्षाही कमीने, ७२ पैकी. रोजा इबादत म्हणून ठेवावा, औषध म्हणून नव्हे. आणि चालू औषधांच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मग रक्त तपासूच नये का? तसं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. अंगभर लाली पसरणारा किंवा पुवाच्या बारीक पुळ्यांनी भरून येणारा सोरायसिस असतो, त्यात ताप येतो, सीआरपी आणि पांढऱ्या पेशी एकदम वर जातात, तिथे हे आकडे जीव वाचवायच्या कामाचे. सांध्यांचा सोरायसिस दुसरा. दहापैकी दोन-तीन रुग्णांचे सांधे कधी ना कधी धरतात: सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं वळत नाहीत, एखादं बोट आखंच्या आखं सुजतं, टाच दुखते. तिथे सुजलेल्या सांध्यांच्या मोजणीसोबत सीआरपीही धरतात. पण पुन्हा तीच तऱ्हा, कित्येक रुग्णांत सांधे सुजलेले आणि सीआरपी नॉर्मल. आरए फॅक्टरही बहुधा निगेटिव्ह येतो, आणि ‘तुम्हाला संधिवात नाही’ म्हणून रुग्णाला घरी पाठवतात. नखांवर बारीक खड्डे असतील आणि सांधे आखडत असतील तर रिपोर्ट काहीही म्हणो, संधिवाताच्या डॉक्टरकडे जायला हवं. उशीर झाला तर वाकडी झालेली बोटं सरळ होत नाहीत.

तिसरी जागा हृदयाची. २००६ मध्ये जोएल गेलफँड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या नोंदींवरून दाखवलं की सोरायसिस असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जास्त असतो, आणि तीव्र सोरायसिस असलेल्या तरुणांत ही वाढ सर्वांत ठळक. इथे मी म्हणेन रक्त जरूर तपासा, पण साखर आणि चरबी आधी. बीपी मोजा, कमरेला टेप लावा, तंबाखू आणि मिश्री सोडा. ज्या घरात सीआरपीला पैसे निघतात त्याच घरात चाळिशीतल्या रुग्णाची साखर कधी पाहिलेली नसते, असं मी पाहिलं आहे.

आणि ज्याचा सीआरपी सुरुवातीला खरोखर वाढलेला होता, दुसरं कारण शोधून सापडलं नाही, त्याला औषध सुरू केल्यावर कातडीबरोबर आकडाही उतरत गेला, तर ती चांगलीच खूण आहे. स्वतःची तुलना स्वतःशी. उद्या संशोधनातून एखादं असं माप निघेलही जे एकट्या माणसालाही नेमकं लागू पडेल. आज ते नाही, आणि नाही तोवर लॅबच्या कागदावर ‘सोरायसिस प्रोफाइल’ असं नाव टाकून पैसे घेणं मला पटत नाही.

ज्या तपासण्या चुकवू नयेत त्या दुसऱ्याच आहेत, आणि नेमक्या त्याच चुकतात. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसचं जुनं, स्वस्त, भरवशाचं औषध. ते चालू असताना सीबीसी आणि यकृत-किडनीच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्याच लागतात, कारण औषध पेशी आणि यकृत दोन्हींना दुखवू शकतं. महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं घ्यायची तर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी हवी, दबलेला क्षय जागा होऊ शकतो. या तपासण्या आजार किती आहे हे सांगत नाहीत, औषध सोसतंय की नाही हे सांगतात. मूल हवं असेल, होऊ शकत असेल किंवा अंगावर पाजत असाल तर मेथोट्रेक्सेटआधी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगायला हवं, नवऱ्यानेही. लाजून चालत नाही.

अम्मीला शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागे नेऊन पूर्ण तपासलं. डोक्यात, कमरेवर, तळपायांवरही चट्टे होते, हे तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि न वाचता येणाऱ्या घरात ही चूक सहज होते. म्हणून वार पक्का केला. पाकिटावर मी उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे मोठ्या अक्षरात ‘जुमा’ लिहून दिलं, आणि फॉलिक ॲसिडच्या पाकिटावर ‘इतवार’. दर महिन्याच्या रक्ततपासणीची तारीख तिची मुलगी आता शाळेच्या डायरीत लिहिते, गृहपाठाच्या खाली.